आकडे हलवायचे, पण चिन्हासकट: क्रमनिरपेक्षतेची पहिली ओळख

सहावीतली माझी भाची एकदा वही घेऊन आली. उदाहरण साधंच होतं: १५ − ६ + ४. तिने ते १५ − ४ + ६ असं लिहून उत्तर काढलं होतं १७, आणि त्यावर लाल फुली होती. तिची तक्रार अशी, "मामा, आकडे मागेपुढे केले तरी उत्तर तेच येतं असं आम्हाला शिकवलंय. मग माझं चूक का?"

खरं उत्तर १३. पण तिचा प्रश्न उत्तराहून चांगला होता. आकडे मागेपुढे करता येतात हे खरंच, आणि या उदाहरणातही येतात. तिने फक्त हलवायचं काय हे चुकीचं धरलं. बीजगणितात पहिल्यांदा पाऊल टाकणारे बहुतेक जण इथेच अडखळतात, मग ते सहावीचे विद्यार्थी असोत, स्पर्धा परीक्षेसाठी पंधरा वर्षांनी पुन्हा गणित उघडलेले असोत, की मुलांचा अभ्यास घेणारे आईबाबा.

पायरी १: शब्द फोडून बघा

क्रमनिरपेक्षता हा शब्द उच्चारायला बोजड आहे, अर्थ मात्र त्याच्या पोटातच आहे. क्रम म्हणजे कोण आधी, कोण नंतर. निरपेक्ष म्हणजे ज्याला त्याची पर्वा नाही. एखाद्या क्रियेतल्या दोन संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नसेल, तर ती क्रिया क्रमनिरपेक्ष. लक्षात घ्या, हा गुण क्रियेचा आहे, संख्यांचा नाही. "५ आणि ३ क्रमनिरपेक्ष आहेत" या वाक्याला अर्थ नाही. "बेरीज क्रमनिरपेक्ष आहे" याला आहे.

अक्षरांत लिहायचं तर:

अ + ब = ब + अ
अ × ब = ब × अ

शाळेच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं दिसतील, मी इथे अ, ब, क्ष, य वापरतोय. अक्षर कुठलंही घ्या, त्याच्या जागी पूर्णांक, अपूर्णांक, ऋण संख्या, शून्य असं काहीही ठेवलं तरी ही दोन विधानं खरी राहतात. एका ओळीत अगणित उदाहरणं मावतात, बीजगणित अक्षरं वापरतं ते त्यासाठीच.

या गुणाला युरोपात नाव मिळालं ते बऱ्याच उशिरा. फ्रेंच गणिती सर्व्हा याने १८१४ साली छापलेल्या एका निबंधात त्यासाठी स्वतंत्र शब्द वापरला. गुण मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. दोन संख्यांचा गुणाकार कुठल्याही क्रमाने केला तरी तोच येतो, हे ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या सातव्या खंडात सिद्ध करून ठेवलं आहे.

पायरी २: हे खरं का आहे, ते डोळ्यांनी पाहा

बेरजेचं फार सांगायला नको. एका डब्यात ९ लाडू, दुसऱ्यात २. आधी कुठला डबा परातीत रिकामा केला याने लाडू वाढत नाहीत. लहान मुलं हे कुणी न शिकवता वापरायला लागतात: २ + ९ विचारलं की ९ पासून पुढे दोन बोटं मोजतात.

गुणाकाराचं मात्र तितकं उघड नाही. ५ × ६ म्हणजे पाच वेळा सहा, ६ × ५ म्हणजे सहा वेळा पाच. हे दोन्ही सारखे का यावेत? किराणा दुकानात अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो, तीस अंड्यांचा. तो समोर धरा. सहा-सहा अंड्यांच्या पाच ओळी दिसतील. आता ट्रे काटकोनात फिरवा. पाच-पाच अंड्यांच्या सहा ओळी. अंडं एकही हललं नाही, फुटलं नाही, आपण फक्त बघायची बाजू बदलली. गुणाकार क्रमनिरपेक्ष का, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत सोपं कारण हेच, आणि हे ५ आणि ६ पुरतं नाही. कितीही ओळींचा ट्रे घ्या.

अपूर्णांकांसाठी ट्रेऐवजी आयत घ्या. ४ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद खोलीचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर. दारातून बघा की खिडकीतून, फरशी तेवढीच लागणार.

ऋण संख्यांत थोडी गंमत आहे. ४ × (−३) समजतं: चार वेळा तीन रुपयांची उधारी, म्हणजे −१२. पण (−३) × ४ म्हणजे "वजा तीन वेळा चार" याचं चित्र काढून दाखवा बरं! नाही काढता येत. इथे गणिताने उलटा विचार केला: बेरीज-गुणाकाराचे नियम जिथे आहेत तिथे टिकायला हवेत, म्हणून (−३) × ४ चं उत्तरही −१२ च धरलं पाहिजे. मुलाने विचारलं तर "असंच असतं" म्हणण्यापेक्षा हे सांगावं असं मला वाटतं.

एक सावधगिरी. उत्तर सारखं म्हणजे परिस्थिती सारखी नव्हे. ४० जणांच्या ३ बस आणि ३ जणांच्या ४० रिक्षा, दोन्हीकडे माणसं १२० च. पण लग्नाचं वऱ्हाड न्यायचं असेल तर या दोन गोष्टी एकच आहेत असं वधूपित्याला सांगून बघा. क्रमनिरपेक्षता एवढंच म्हणते की एकूण आकडा तोच.

पायरी ३: लगेच कामाला लावा

२ ते १० च्या पाढ्यांत २ ते १० ने गुणलेल्या ओळी ८१ होतात. त्यातल्या "सात आठे छप्पन्न" आणि "आठ साते छप्पन्न" अशा जोड्या एकच धरल्या तर उरतात ४५. पाढे पाठ करताना रडकुंडीला आलेल्या मुलाला हा हिशोब जरूर दाखवा. ९ चा पाढा सुरू करण्याआधीच त्यातलं बरंचसं त्याला येत असतं.

तोंडी हिशोबात फायदा आणखी मोठा. २५ × १७ × ४ डावीकडून करायला गेलात तर २५ × १७ वर कपाळाला आठ्या. ४ ला उचलून २५ शेजारी बसवा: १०० × १७ = १७००. बेरजेतही तसंच. ३७ + ४८ + ६३ मध्ये ३७ आणि ६३ आधी गाठा, शंभर झाले, उत्तर १४८.

शेकड्याची युक्ती मला फार उशिरा कळली. ५० चे १८ टक्के काढायचेत? १८ चे ५० टक्के काढा, म्हणजे ९. दोन्हीकडे ५० × १८ ÷ १०० हेच आहे.

पायरी ४: प्रत्येक क्रियेला हाच प्रश्न विचारा

९ − ४ = ५, पण ४ − ९ = −५. झालं, वजाबाकी बाद. एक उलट उदाहरण मिळालं की नियम मोडला. शंभर शोधायची गरज नाही. भागाकारही बाद: १२ ÷ ३ = ४, तर ३ ÷ १२ = १/४. दोन्ही ठिकाणी अदलाबदल केल्यावर येणारं उत्तर अगदीच भलतं नसतं. वजाबाकीत फक्त चिन्ह उलटतं, भागाकारात व्यस्त संख्या मिळते. हे पुढे उपयोगी पडतं.

घाताचं काय? २ चा तिसरा घात ८, ३ चा दुसरा घात ९. बाद. पण समजा तुम्ही नेमके २ आणि ४ घेऊन बघितले असते. २ चा चौथा घात १६, आणि ४ चा दुसरा घातही १६! एवढ्यावर "घातही क्रमनिरपेक्ष" असा निकाल दिला असता तर फसला असता. नैसर्गिक संख्यांत दोन वेगवेगळ्या संख्यांची अशी जोडी ही एकटीच आहे. म्हणून मोडायला एक उदाहरण पुरतं, सिद्ध करायला हजारही पुरत नाहीत. तिथे अंड्यांच्या ट्रेसारखं कारण लागतं.

शाळेत शिकलेला लसावि आणि मसावि यांनाही तपासून बघा. ८ आणि १२ चा मसावि काढा किंवा १२ आणि ८ चा, ४ च येणार. दोघेही क्रमनिरपेक्ष.

पायरी ५: चिन्ह संख्येला बांधा

आता भाचीच्या वहीकडे. या लेखातली हीच पायरी सावकाश वाचावी.

मराठीत "मांजराने उंदीर पकडला" म्हणा किंवा "उंदीर मांजराने पकडला" म्हणा, पकडला गेला उंदीरच. शब्द जागा सोडून हलले तरी अर्थ का हलत नाही? कारण "ने" हा प्रत्यय मांजराला चिकटलेला आहे. मांजर जाईल तिथे तो जातो. आता "ने" मूळ जागीच ठेवून नुसती नामं बदला: "उंदराने मांजर पकडलं." भाचीने नेमकं हेच केलं. १५ − ६ + ४ मध्ये तिने वजाचं चिन्ह जागेवरच ठेवलं आणि ६ व ४ यांची तेवढी अदलाबदल केली.

वजाचं चिन्ह दुसऱ्या जागेचं नाही, ते ६ चं आहे. म्हणून उदाहरण असं वाचा:

(+१५) + (−६) + (+४)

आता ही निव्वळ बेरीज झाली, आणि बेरीज क्रमनिरपेक्ष आहे. तीन चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर चिन्हासकट संख्या लिहा आणि पत्त्यांसारख्या पिसा. १५ + ४ − ६, किंवा ४ − ६ + १५, किंवा −६ + १५ + ४. दर वेळी १३. मी भाचीला कॅलेंडरच्या मागच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून दिल्या होत्या. दहा मिनिटांत ती स्वतःच मोठी उदाहरणं रचायला लागली.

आपल्याकडच्या जुन्या गणितात ही गोष्ट लिहिण्याच्या पद्धतीतच होती. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या आपल्या ग्रंथात सांगितलंय की ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू द्यायचा. बिंदू संख्येच्या माथ्यावरच असल्यामुळे संख्या हलवताना तो मागे राहण्याचा प्रश्नच नाही. अज्ञात संख्यांना त्यात यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत, आणि लिहिताना नुसतं या, का, नी. आपले क्ष आणि य त्यामानाने फारच रूक्ष.

याच्या उलट दिशेची चूकही खूप होते. १५ − ६ + ४ मध्ये आधी ६ + ४ = १० करून १५ − १० = ५ लिहिणं. इथेही वजा फक्त सहाचा होता, तो चारवरही लादला गेला.

भागाकाराला हाच उपाय. २४ ÷ ६ × ५ मध्ये "भागिले" हे सहाला बांधा, म्हणजे २४ × १/६ × ५. आता खुशाल २४ × ५ ÷ ६ करा, उत्तर २०. मात्र आधी ६ × ५ = ३० करून २४ ला ३० ने भागलं तर ०.८ येतं, ते चूक.

बँकेचं पासबुक हे याचं चालतंबोलतं उदाहरण. महिन्याभराच्या जमा-खर्चाच्या नोंदी कुठल्याही क्रमाने मांडा, अखेरची शिल्लक तीच. पण पगार जमा व्हायच्या आदल्या दिवशी धनादेश वठायला गेला तर तो परत येतो. मधली शिल्लक बीजगणिताला दिसत नाही, बँकेला दिसते.

पायरी ६: अक्षरं आली तरी घाबरू नका

क्ष ही संख्याच आहे, फक्त बुरखा घातलेली. म्हणून क्ष × ३ ला ३क्ष लिहिता येतं. संख्या आधी आणि अक्षर नंतर हा नुसता रिवाज आहे, पण तो पाळायला परवानगी मिळते ती क्रमनिरपेक्षतेमुळे.

सजातीय पदं, म्हणजे क्ष असलेली एकीकडे आणि नुसत्या संख्या एकीकडे, एकत्र करताना:

५ − ३क्ष + ७ + क्ष
= ५ + ७ − ३क्ष + क्ष
= १२ − २क्ष

मधल्या ओळीत −३क्ष आपलं वजा घेऊन हललं, बघा. सुरुवातीला ही मधली ओळ गाळू नका. प्रत्येक पदाभोवती त्याच्या चिन्हासकट पेन्सिलने गोल काढा, मग गोल हलवा. आणि १२ − २क्ष चं १०क्ष करू नका. बाराला क्ष लागलेला नाही.

आता अदलाबदलीचं एक नाटकी पात्र: (क्ष − ३) आणि (३ − क्ष). दिसायला जुळे, पण एक दुसऱ्याचं ऋण: ३ − क्ष = −(क्ष − ३). म्हणून (क्ष − ३) ला (३ − क्ष) ने भागलं तर १ नाही, −१ येतो (क्ष ची किंमत ३ नसेल तर). शेवटच्या पायरीला चिन्ह चुकून अख्खं उदाहरण हातचं गेलेलं मी जितक्या वेळा पाहिलंय, त्यातला मोठा वाटा या जोडीचा. क्ष च्या जागी १० घालून बघायची सवय लावा: ७ आणि −७, लगेच कळतं.

शाब्दिक उदाहरणात प्रत्ययांवर नजर ठेवा. "क्ष मधून ५ वजा करा" म्हणजे क्ष − ५. "क्ष ही संख्या ५ मधून वजा करा" यात क्ष आधी आलाय, पण "मधून" पाचाला लागलाय, म्हणून ५ − क्ष. बेरजेच्या वाक्यात हा घोळ होतच नाही, कारण तिथे कुणी आधी लिहिलं तरी चालतं.

पायरी ७: साहचर्याशी गल्लत नको

परीक्षेत हमखास विचारतात म्हणून थोडक्यात. (२ + ३) + ८ = २ + (३ + ८) यात संख्यांचा क्रम तोच आहे, कंस तेवढा सरकलाय; हे साहचर्य. क्रम बदलला तर क्रमनिरपेक्षता, कंस बदलला तर साहचर्य. २५ × १७ × ४ च्या युक्तीत खरं तर दोन्ही वापरले जातात.

दोन्ही नेहमी जोडीने येतात असंही नाही. दोन संख्यांची सरासरी घ्या: २ आणि ४ ची ३, उलटी घेतली तरी ३. क्रमनिरपेक्ष आहे. आता २, ४, ८ घ्या. पहिल्या दोघांची सरासरी ३, तिची ८ शी सरासरी ५.५. उलट ४ आणि ८ ची आधी घेतली तर ६, तिची २ शी सरासरी ४. साहचर्य गेलं.

सराव, उत्तरांसकट

४० − १७ + १० − ३: धन एकीकडे, ऋण एकीकडे, ५० − २० = ३०.

२य − ७ + क्ष − ५य + ७: सातांची वजावट झाली, उरलं क्ष − ३य.

अ ★ ब = अ + ब + अब अशी एक नवीन क्रिया मानली तर ती क्रमनिरपेक्ष आहे का? आहे, अ आणि ब बदलून लिहा, तेच राहतं. आणि अ ★ ब = २अ + ब? १ आणि २ घालून बघा: एकदा ४, एकदा ५. नाही.

दुकानातलं एक. १००० रुपयांच्या वस्तूवर २० टक्के सूट आणि १८ टक्के कर. आधी सूट, मग कर: ८००, मग ९४४. आधी कर, मग सूट: ११८०, मग ९४४. दोन्ही गुणाकार, म्हणून गिऱ्हाइकाच्या खिशाला फरक नाही. आता कराऐवजी १०० रुपयांचं कूपन आणि १० टक्के सूट घ्या. आधी कूपन लावलं तर ९०० वर १० टक्के, द्यायचे ८१०. आधी टक्केवारी लावली तर ९००, मग कूपन, द्यायचे ८००. गुणाकार आणि वजाबाकी एकत्र आली की क्रमाला किंमत येते, इथे अगदी दहा रुपये.

जाता जाता, नियम नसलेलं गणित

पुढे कधी तुम्हाला असा गुणाकार भेटेल जो क्रमनिरपेक्ष नाही. १६ ऑक्टोबर १८४३ ला आयर्लंडचा गणिती हॅमिल्टन याला डब्लिनजवळच्या कालव्याकाठाने चालताना असाच एक सुचला आणि त्याने त्याचं सूत्र तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं. त्यातल्या तीन मूळ राशींपैकी कुठल्याही दोन वेगळ्या राशींचा गुणाकार उलटा केला की चिन्ह बदलतं. या राशी त्रिमितीतल्या फिरण्याचं गणित करायला आजही वापरतात, आणि फिरणं क्रमनिरपेक्ष नसतं हे पाहायला मोबाइल पुरेसा आहे. तो उभा, पडदा तुमच्याकडे, असा धरा. आधी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काटकोनात फिरवा, मग तुमच्यापासून लांब मागे आडवा करा: पडदा छताकडे बघतो. पुन्हा मूळ स्थितीत आणा. आता आधी मागे आडवा करा, मग त्याच पहिल्या दिशेने काटकोनात फिरवा. या वेळी पडदा उजवीकडच्या भिंतीकडे बघत असेल.